खालून येणारा ठोका

२०१६ सालची ही गोष्ट. दक्षिण कोरियातल्या मासानच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जुन्या पाच मजली इमारतींची रांग होती. तिथे २०३ नंबरच्या घरात दोकजा एकटी राहायची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेच्या भटारखान्यातली नोकरीही संपली होती. एकुलता एक मुलगा ग्युहो व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात होता. दिवसभरात तिच्याशी बोलणारे दोघेच, भाताचा कुकर आणि भिंतीतला कर्णा. कुकर गोड आवाजात सांगायचा, "भात तयार आहे, ढवळून घ्या." कर्णा होता इमारतीच्या ऑफिसचा. तो सांगायचा, "रहिवाशांनी आपल्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी."

त्या वर्षी डॉक्टरांनी तिला रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं. ग्युहोला कळलं तसं त्याने घरी एक भलामोठा खोका पाठवला. आत एक पंचिंग बॅग होती, बुडाशी पाणी भरून उभी करायची, आणि लालभडक हातमोजे.

"अरे, साठीला आलेल्या बाईनं गुद्दे मारायचे?" तिने फोनवर विचारलं. "बघणारे काय म्हणतील?"

"कोण बघतंय तिथे, आई?" तो हसून म्हणाला.

तो सहज बोलला, पण फोन ठेवल्यावरही ते वाक्य दोकजाच्या मनातून जाईना. खरंच, कोण बघत होतं?

पहिले काही आठवडे त्या बॅगेवर ओले टॉवेल वाळत होते. मग एका संध्याकाळी, टॉवेल काढताना तिने सहज एक गुद्दा मारला. बॅग मागे झुकली आणि परत पुढे आली. कितीतरी दिवसांत तिच्याकडे असं परत कुणी आलं नव्हतं! तिने दुसरा मारला, मग तिसरा. घामाने अंग निथळलं आणि छातीवरचं ओझं जरा हललं. त्या दिवसापासून उन्हं कलली की ती हातमोजे चढवायची. सुरू करण्याआधी बॅगेला विचारायची, "काय, जेवलास का?" नवऱ्याला ती रोज असंच विचारायची.

आणि मग एक दिवस खालून ठोके आले. टकटक, टकटक, टकटक.

दोकजाचा हात हवेतच थांबला. आपल्याकडे खालून ठोका आला की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: वरचा आवाज बंद करा. लोक छतावर ठोकायला खास रबरी हातोडे विकत आणून ठेवतात. त्याच आठवड्यातल्या बुधवारी कर्ण्याने पुन्हा आवाजाची सूचना दिली. दोकजाने मनाशी पक्कं केलं की ही तक्रार १०३ च्या म्हातारीचीच!

१०३ मध्ये हाप्छनची आजी राहायची. हे तिच्या माहेरच्या गावाचं नाव. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐंशी उलटलेली, पाठीत वाकलेली, तीही एकटीच.

"चोंबडी आहे ती," दोकजा कोपऱ्यावरच्या पिलसुनकडे मुळ्याचं किमची घेताना म्हणाली. पिलसुनच्या दुकानात घरगुती भाज्या-लोणची मिळत, आणि आळीतल्या बातम्याही. "समोर येऊन बोलायची हिंमत नाही, ऑफिसात जाऊन चुगल्या करते."

"ताई, तू गेलीस का कधी विचारायला?"

"मी का जाऊ? नियम आहे, थेट कुणाच्या दारात जायचं नाही. भांडणं होतात."

"वा! भांडण नको म्हणून बोलायचंच नाही. मग माणसं शेजारी ठेवायची कशाला? मुळे ठेवावेत बरणीत, एकावर एक. तेही बोलत नाहीत." पिलसुनने डबा तिच्या हातात आदळला. "तिला मऊ तोफू आवडतो. घेऊन जा एखादा."

दोकजाने नेला नाही. गुद्देही थांबवले नाहीत, आणि खालचे ठोकेही रोज येत राहिले. उलट इमारतीच्या दारात आजी समोर आली की ती टपालाच्या पेटीत तोंड घालून उभी राहू लागली. आजी क्षणभर थांबायची, ओठ हलवायची, आणि काठी टेकत निघून जायची.

थंडी पडली. त्या संध्याकाळी दोकजाचं मन आधीच बिघडलं होतं. नवीन वर्षाला सुट्टी मिळत नाही, असा ग्युहोचा निरोप आला होता. तिने हातमोजे चढवले, पाचसात गुद्दे मारले, आणि खालून ठोके सुरू झाले. टक. मग बराच वेळ काही नाही. टकटक. पुन्हा शांतता. टक.

"आज एक दिवस तरी सोड ना मला!" दोकजा जमिनीकडे बघून ओरडली आणि सगळा जोर लावून बॅगेवर तुटून पडली. खालचे ठोके काही वेळ चालू राहिले, मग मंदावले, मग थांबले.

"थकलीस ना?" दोकजा धापा टाकत म्हणाली. जिंकल्यासारखं वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली, तेव्हा पिलसुन दाराशी उभी राहून रस्ता न्याहाळत होती. "ताई, हाप्छनची आजी आली नाही गं आज. तिचा तोफू काढून ठेवलाय सकाळपासून."

"आली नसेल. काल तर चांगली ठोकत होती..."

आणि दोकजाची जीभ अडखळली. कालचे ठोके! रोजचे ठोके कसे एका लयीत यायचे. कालच्यांना लयच नव्हती.

पिशवी तिथेच टाकून ती धावत सुटली. १०३ ची बेल वाजवली, दार बडवलं. आत चाहूल नाही. मग बाहेर येऊन, फुलझाडांच्या वाफ्यात चढून तिने सज्ज्याच्या काचेला डोळे लावले. खोलीत जमिनीवर आजी आडवी पडली होती. बाजूला कपडे बडवायचा जुना दगडी पाटा, आणि तिच्या मुठीत लाकडी धोपटणं.

"आजी! अहो आजी!"

मुठीतलं धोपटणं किंचित उचललं गेलं आणि पाट्यावर पडलं. टक.

अग्निशामक दलाच्या माणसांनी काच काढली. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. खालून तापवलेली जमीन उबदार होती म्हणूनच जीव तगला, असं दवाखान्यात सांगितलं. शस्त्रक्रिया झाल्यावर भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा दोकजा खाटेजवळ जाऊन कमरेत वाकली ती वर उठेचना.

"आजी, तुम्ही मदत मागत होतात, आणि मी... मला वाटलं तुम्ही रोजच्यासारखी तक्रार करताय."

"तक्रार?" आजीने डोळे मिचकावले. "कसली तक्रार? अगं, तू वर सुरू केलंस की मीही पाटा ओढायचे. सासरी आम्ही जावा समोरासमोर बसून खळ लावलेलं कापड असंच बडवायचो. चार धोपटणी, एक ताल! चाळीस वर्षांनी कुणीतरी जोडीला मिळालं होतं मला. तुझा उजवा हात झकास आहे, डावा मात्र ढिला."

दोकजाला हसूही आलं आणि रडूही. "पण तो कर्णा..."

"तो दर बुधवारी सगळ्या इमारतींत तेच बोलतो. त्याला काय कळतंय!" आजीने तिचा हात धरला. "पोरी, एक जिना उतरून विचारायचं होतंस. फार तर मी चार शिव्या दिल्या असत्या. शिव्यांनी कुणी मरत नाही, न विचारण्यानं मरतं. आणि मी तरी कुठे शहाणी? मलाही वर यायची लाज वाटली. म्हटलं, नको असेल हिला म्हातारं माणूस."

दोकजाच्या मनात आलं, आपल्या दोघींच्या मध्ये होतं काय? वीतभर सिमेंट! आणि तेवढ्यापायी दोन बायका एकाकीपणाने सुकत होत्या!

वाचकहो, आमच्या लहानपणी नवीन घरात राहायला आलेली बाई पहिल्याच दिवशी लाल घेवडा घालून वाफवलेला तांदळाचा गरम केक दारोदार वाटायची. त्या एका तुकड्याने नाव-गाव कळायचं. हल्ली कुणी वाटत नाही. दारं बंद, आणि बोलायला कर्णे. शेजाऱ्याचा आवाज कानावर आला तर आधी रागावू नका. आधी खाली उतरा. माणसाला विचारा!

आजी वसंतात घरी आली. त्या दिवशी दोकजा तो लाल घेवड्याचा केक घेऊन १०३ च्या दारात उभी राहिली. इमारतीत राहायला येऊन तिला अकरा वर्षं झाली होती.

ग्युहो पुढे तिकडेच लग्न करून स्थिरावला. वर्षातून एकदा येतो. पिलसुनचं दुकान आता तिची सून चालवते, आणि जिभेला तीही तितकीच तिखट आहे. आजी आणखी तीन वर्षं जगली. शेवटी-शेवटी तिला उठवत नसे, तेव्हा दोकजाने पंचिंग बॅगच खाली आणून तिच्या खोलीत उभी केली होती. आजी पडल्या पडल्या ताल धरायची आणि ओरडायची, "डावा! डावा हात!"

दगडी पाटा आता २०३ मध्ये आहे. १०३ मध्ये एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांचं सामान उतरत होतं तेव्हाच दोकजाने जिन्यावर पाऊल ठेवलं होतं, हातात गरम केकची थाळी घेऊन.