गुणाजीची टिचकी

मी काटा बोलतोय. माशाचा नव्हे, तो तुमच्या घशात अडकतो, मी आपल्याच घरात अडकतो. इंजिनात तेलाचा दाब किती आहे ते दाखवणारं गोल काचेचं घड्याळ असतं ना, त्यातला मी. शिक्षण म्हणाल तर शून्यापासून शंभरापर्यंत, तेही दहादहाच्या उड्या मारत. मधले आकडे कुणी शिकवले नाहीत, आणि माझं त्यावाचून अडलंही नाही.

माझा जन्म विमानासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी बंगळूरच्या विमान-कारखान्यात होतो. तिथला रिवाज कडक. इंजिन खोलून पुन्हा जोडलं की आधी ते नुसतं फिरवायचं. तेल सगळीकडे पोचल्याची साक्ष मी दिली की मगच सुरू करायचं. कोरडं इंजिन सुरू केलंत तर ते दोन-चार मिनिटांत स्वतःलाच खाऊन टाकतं. त्यामुळे मोठमोठे साहेब माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मग मला लहर यायची. दाब आला तरी मी शून्यावरच बसून राहायचो. साहेबाला घाम फुटला की उठायचो. तीन खोड्या पचल्या. चौथीला मला उपटून भंगारात फेकलं.

तिथून मला उचललं गुणाजीने. तो मालवणचा फिटर. मी चाळीसवर अडकून पडलो होतो. त्याने काचेवर नखाने एक टिचकी मारली, तसा मी निमूट शून्यावर आलो. तो हसला. नोकरी संपवून गावी परतला तेव्हा मी त्याच्या टॉवेलात गुंडाळलेला होतो.

त्याचं एक गुपित त्याच्या बायकोला, यमुनाबाईला, आणि मला ठाऊक होतं. विमानांच्या गडगडाटात त्याचे कान गेले होते. कुणी काही विचारलं की तो "हां, हां" म्हणायचा आणि पाना घेऊन वाकायचा. लोक म्हणत, "बंगळूराक जावन मस्ती इली तेका." म्हणू देत. बहिऱ्या फिटरच्या हाती इंजिन कोण देणार? तो कुणाशी बोलत नसे. माझ्याशी मात्र बोलायचा, टिचकीने.

सत्तावन्न साली देवबागच्या दाजी तांडेलाने लाँच घेतली आणि गुणाजीने मला तिच्यावर बसवलं. इतरांना इंजिन ऐकू यायचं. त्याला ते माझ्यात दिसायचं. मी माझा धर्म सोडला नाही. भर समुद्रात मध्येच अडकायचो आणि दाजीच्या तोंडचं पाणी पळवायचो. दोन महिन्यांत दाजी शहाणा झाला. मी शून्य दाखवलं तरी तो सुपारी कातरत म्हणायचा, "निजलो आसा गुलाम. टिचको मार तेका." ही माझी कीर्ती.

दोन वर्षांत इंजिन खिळखिळं झालं. एकोणसाठच्या पावसाळ्यात लाँच वाळूवर ओढून, वर झावळ्या घालून, गुणाजीने ते पुरतं खोललं. नवी बेअरिंगं घातली. बाजारात बोलणी सुरूच होती. "इंजिन खडखडता आणि तेका कळणा नाय. कान गेले वाटतां." हे इंजिन बिघडलं असतं तर गुणाजीच्या हाती पुन्हा कुणी पाना दिला नसता.

नारळी पौर्णिमा आली. लाँच खाडीत तरंगत होती, दाजी हातात नारळ घेऊन उभा, किनाऱ्यावर सगळी वाडी. गुणाजी हँडल फिरवू लागला. शंभर फेरे झाले. मी शून्यावर.

त्याने टिचकी मारली. मी शून्यावर.

"झाला मरे, कर चालू," दाजी म्हणाला. "भरती उतराक लागली. मगे काय लाँच डोक्यार घेवन जाऊ?"

गुणाजीने मान हलवली आणि पुन्हा टिचकी मारली. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी मी नाटक करत नव्हतो. तेल माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. पण जन्मभर खोटं निजलेल्याने ओरडायचं कसं?

किनाऱ्यावरून कुणीतरी म्हणालं, "बहिऱ्याक काटो फसवता." लोक हसले. गुणाजीला ते ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसली.

दाजी स्वतःच पुढे झाला. गुणाजी इंजिनावर हात पसरून आडवा उभा राहिला. "करूचंय नाय," तो म्हणाला. "ह्यो लबाड आसा. पण दोन टिचक्यांका उठता. आज उठाक नाय, म्हणजे तेल नाय."

त्याने पाना घेतला आणि तेलाच्या नळ्या एकेक सोडवल्या. तिसऱ्या नळीच्या तोंडात बोटभर काथ्या घट्ट ठासलेला निघाला, होडीच्या फटी बुजवतात तसला, माशाच्या तेलात भिजवलेला.

दाजीने नारळ खाली ठेवला. "तो माझो," तो हळूच म्हणाला. "पावसात नळी उघडी दिसली. खारो वारो जायत म्हणान मीच भरलंय. होडयेक भोक दिसला की हात रवणा नाय रे."

नळी पुन्हा जोडली. गुणाजीने हँडल फिरवलं. सत्तर, ऐंशी फेरे. आणि माझ्या नळीत तेल सरकलं. मी दहावर चढलो. टिचकीशिवाय.

इंजिन सुरू झालं, वाडी ओरडली, नारळ पाण्यात पडला. गुणाजीने यातलं काही ऐकलं नाही. तो फक्त माझ्याकडे बघत होता. त्यानंतर बाजारात त्याच्या कानांचा विषय निघाला की दाजी म्हणायचा, "कान आमचे गेलेले."

पासष्ट साली गुणाजी गेला. लाँचला नवं इंजिन आलं, त्याचा काटा त्याच्यासोबत आला. शहाणा आहे म्हणे, कधी अडकत नाही. त्याला टिचकीही कुणी मारत नाही. मला दाजीने यमुनाबाईकडे पोचवलं. आता बिस्किटांच्या डब्यात असतो, बटणं, सुया आणि तो काथ्याचा बोळा यांच्या संगतीत. बटणांना विनोद कळत नाही.

परवा यमुनाबाईने बटणासाठी डबा उघडला. मला हातात घेतलं आणि त्याच्यासारखीच नखाने टिचकी मारली. "आसंस मरे?" तिने विचारलं. मला की त्याला, कोण जाणे.

तुम्ही कधी तिच्याकडे गेलात तर डबा उघडा आणि एक टिचकी मारा. उठणार नाही मी. शून्यावर आहे, आणि या खेपेला नाटक नाही. पण काच वाजते. गुणाजीने तो आवाज कधी ऐकलाच नाही. इतकी वर्षं दोघांच्या वतीने मीच ऐकत आलोय.