सकाळी बोथट, दुपारी धारदार

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हटले की लगेच गंजकी आणि कुरकुरणारी असे काही डोळ्यांसमोर आणू नका. मी दहा इंची आहे, अस्सल पोलादाची आहे आणि फक्त कापड कापते. कागद कापणे मला शोभत नाही.

एका कारागिराने मला तापवून, ठोकून, घासून घडवले. दोन पाती जोडून झाल्यावर त्याने मला कानाशी धरून दोनदा उघडले आणि मिटले. "वा, काय आवाज आहे!" तो म्हणाला. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा जरा गर्वच आहे.

मला घेतले एका शिंपीणबाईंनी. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्यांचे दुकान जिन्याखाली होते. कापायचे टेबल, शिलाई मशीन आणि इस्त्री, एवढाच पसारा. काजे-बटणे करायला त्यांची धाकटी बहीण यायची. मावशी खडूने खूण करत आणि मी एका दमात घेर कापून मोकळी होई. गिऱ्हाइके म्हणत, "मावशींची कात्री कधी चुकत नाही." खरे कौतुक मावशींच्या हाताचे होते, पण मी ते वीस वर्षे बिनदिक्कत स्वतःकडे घेतले.

मग एके वर्षी सकाळच्या कामात मी अडखळू लागले. मावशी जोर लावत, तरी पाती अर्ध्यावर थांबत. कापडाची कड वेडीवाकडी होऊ लागली. "मेली बोथट झाली," मावशी म्हणाल्या. मला! असा राग आला म्हणून सांगू!

कोपऱ्यावर धारवाले काका चाक घेऊन बसत. दोन महिन्यांत मावशींनी मला तीनदा त्यांच्याकडे नेले. दर वेळी माझे थोडे पोलाद झिजले आणि दर वेळी दुसऱ्या सकाळी मी पुन्हा बोथटच ठरले.

इकडे मावशी दमू लागल्या होत्या. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे सुजली होती. बहिणीने तिथल्या तिथे निदान केले. "ताई, तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय. वाढवायला हवी." दोऱ्यांच्या रिळांशेजारी टॉनिकच्या बाटल्यांची रांग लागली. मावशी नाक धरून घोट घेत. सूज काही कमी होईना.

एका सकाळी मावशींना मला उचलताच आले नाही. "हातच गेले तर दुकान कशाला ठेवायचं?" असे म्हणून त्यांनी मला खणात तुटक्या बटणांवर ठेवले आणि तोंड फिरवले. त्या रडत होत्या. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

पंधरा दिवसांनी त्यांनी शेवटचे बघू म्हणून मला पुन्हा काकांकडे नेले. सोबत बहीण होती. काकांनी चार पदरी कापड घेतले आणि मी ते सरसर कापले.

"काय झालंय हिला?" काका म्हणाले.

"सकाळी चालत नाही हो. दुपारी जरा बरी चालते."

काका हसायला लागले. "मावशी, सकाळी बोथट आणि दुपारी धारदार अशी कात्री मी जन्मात पाहिली नाही! हात दाखवा बघू." बोटे पाहून मात्र त्यांचे हसू थांबले. "मी चौथ्यांदा धार लावणार नाही. आधी डॉक्टरकडे जा."

दोघी तशाच गेल्या, मी पिशवीत. डॉक्टरीणबाईंनी एकेक पेर दाबून पाहिले, रक्त तपासायला पाठवले आणि रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावले. तेव्हाही मी पिशवीतच होते. बहीण घाईघाईने म्हणाली, "प्रतिकारशक्ती वाढवायची औषधं चालूच आहेत हिची."

"वाढवायची? अहो, ती आधीच नको तितकी खवळलीय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीरात पहारेकरी असतात. जंतू शिरले की ते धावून जातात. तिथे लाल होतं, सुजतं, दुखतं. काम संपलं की त्यांनी शांत बसायचं. तुमचे बसतच नाहीत. चोर नसतानाही तुमच्याच सांध्यांना बदडतायत."

"म्हणजे घरातल्या घरात मारामारी?" बहीण म्हणाली.

"अगदी तसंच. कुणाच्या सांध्यात, कुणाच्या कातडीत, कुणाच्या आतड्यात. या पहारेकऱ्यांना हाकलून चालणार नाही, खऱ्या चोराला कोण अडवेल? नुसतं आवरायचं."

बाटल्यांची रांग त्याच दिवशी हलली. मावशींनी औषधे नेमाने घेतली, रक्त वरचेवर तपासून घेतले. आठवडे गेले, फरक दिसेना. मग तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मावशींनी मला खणातून काढले, कापड पसरले आणि मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेले! बहीण टाळ्या पिटत होती. मावशी नुसत्या बोटे उघडून मिटून बघत होत्या.

एक करंगळी मात्र वाकडी राहिली. दुखत नाही, पण सरळही होत नाही. मावशी मला धार लावून घेत बसल्या, त्या महिन्यांत तिचा सांधा झिजून गेला.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणाची बोटे सकाळी तासतासभर वळत नसतील, पेरे सुजत असतील, तर "वयच झालं" किंवा "काम फार पडलं" म्हणून सोडून देऊ नका. मनाने टॉनिकही पाजू नका. त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्या. मी झिजले तर बाजारात दुसरी कात्री मिळेल. मावशींची करंगळी कुठे मिळणार?