कोटाच्या आतला खडू

"माझ्या कोटात हे 'वेट फॉर' कोणी लिहिलं?" वकीलसाहेबांनी कोट उलटा करून काउंटरवर आपटला. अस्तरावर खडूने लिहिलेली ठळक इंग्रजी अक्षरं. वहिनीने मशीनवरची मान आणखी खाली घातली.

"मापाची खूण आहे, साहेब. ब्रशने निघेल," मी ठोकून दिलं.

ते गेल्यावर मी तोंड सोडलं. "अहो वहिनी, दुकानाला टाळं लावायचंय का?"

"मग काय करू, वन्सं? टाके घालताना डोळ्यांसमोर असलं की लक्षात राहतं. लिसनला टू, वेटला फॉर, डिपेंडला ऑन. काही धरबंध आहे का? आपण आपली नुसती वाट बघतो, या इंग्रजांच्या वाट बघण्यालासुद्धा शेपूट!"

मला हसू आलं, तिला नाही. दादा परदेशात क्रेन चालवतो. त्याच्याकडे जायचं तर तिला इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी. एकदा नापास झाली होती. उद्या पुन्हा होती. "नाही जमलं तर बघू," असं दादा फोनवर म्हणाला होता, आणि त्या 'बघू'ने तिची झोप उडाली होती.

"विचारा ना," ती म्हणाली. मी शिलाई उसवत विचारत राहिले. पुन्हा "डिपेंड फ्रॉम" निघालं तोंडातून आणि तिला रडूच फुटलं. भीती काय, मलाही होती. ही पास झाली तर हे दुकान आणि ते रिकामं घर मी एकटी कशी रेटणार?

"ऑन," मी म्हटलं. "डोळे पुसा. पुन्हा म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या ठिकाणी बाहेर बाकावर बसले होते. ती पदराशी चाळा करत बाहेर आली.

"काय विचारलं हो?"

"अडीनडीला कोणाचा आधार, म्हणाली बाई. मी म्हटलं, आय डिपेंड ऑन माय सिस्टर-इन-लॉ."

"अगं बाई! आणि दादा?"

"ह्यांची आठवणच नाही आली तेव्हा," ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला.

ती पास झाली. गेलीसुद्धा.

काल खुंटीवरचा एक कोट खाली काढला. अस्तर तिनेच अर्धं लावून ठेवलेलं. आत खडूने लिहिलं होतं, 'डिपेंड ऑन'. मी ब्रश उचलला. मग तो बाजूला ठेवला, आणि अक्षरं आतच ठेवून अस्तर शिवून टाकलं.