फाटकापाशी कोण होतं

शेजारीण सहज बोलून गेली आणि कुलूपकाकांचा जीव टांगणीला लागला.

"तुम्ही दोघं दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात ना, तेव्हा कोणीतरी आलं होतं. उंच पोरगा. बेल वाजवली, जरा थांबला, गेला. मी वरून पाठमोराच पाहिला. तुमच्या लेकासारखा वाटला, पण देवाला माहीत!"

देवाला तर माहीत होतंच; काकांना ते आत्ताच्या आत्ता माहीत व्हायला हवं होतं. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना कुलूपकाका म्हणायची. एकुलत्या एका लेकाने दुकानात बसायला नकार दिला, शब्दाला शब्द वाढला, आणि रागाच्या भरात काका बोलून गेले, "घरची किल्ली ठेव आणि चालता हो!" पोराने मुकाट्याने किल्ली टेबलावर ठेवली. त्यानंतर त्याचा पाय या उंबरठ्याला लागला नव्हता. आईशी तेवढा फोनवर बोलायचा. तो बोलत असेपर्यंत काका शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पान उलटायचंही विसरायचे.

दारावरचा कॅमेरा कधी नव्हे तो आता कामाचा होता. काकांनी फोनवर ॲप उघडलं. फाटक दिसत होतं, कुंड्या दिसत होत्या, शेजारणीचं मांजर भिंतीवर पाय चाटत बसलेलंही दिसत होतं. पण ते सगळं आत्ताचं. दुपारचं काही नाही. कालचं नाही, परवाचंही नाही.

"अहो, एवढं डोकं का फोडताय?" काकू म्हणाल्या. "तो आला होता का, ते त्याला विचारता येतं की."

"मग विचार ना तू."

"मी नाही विचारायची. मी विचारलं की तो म्हणणार, बाबांनी विचारायला सांगितलं का? आणि मला पोटच्या पोराशी खोटं बोलायचं नाही."

काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. भाचीला फोन करून म्हणाले, "कॅमेरा बिघडलाय, जाता जाता येऊन जा." कॅमेरा तिनेच बसवून दिला होता.

भाची ऑफिसातून थेट आली. स्टुलावर चढली, भिंगासमोरचं कोळ्याचं जाळं काढलं, वायर काढून पुन्हा घातली, राउटर बंद-चालू केला. मग समोरून हात हलवत दोनदा गेली. तरी रेकॉर्डिंग नाहीच.

"मामा, चित्र येतंय म्हणजे डोळा शाबूत आहे. आठवण गेलीय." तिने ॲपमधली आणखी एक खिडकी उघडली. "हे बघा. कार्ड भरलंय."

"भरलं की जुनं पुसून नवं घेतं, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण ज्या तुकड्याला कुलपाची खूण केली, तो पुसत नाही." ती बोटाने खाली खाली सरकत गेली आणि थबकली. "इथे तर झाडून सगळ्यांना कुलूप! मामी, हे कोणी केलं?"

"मला कशाला विचारतेस? या घरात कुलूप लावायची हौस कोणाला आहे?"

काका भिंतीकडे बघू लागले. पोर गेल्यानंतर एका संध्याकाळी त्यांना ती छोटी खूण सापडली होती. बाकी फोनमधलं त्यांना काही कळत नसे. पण कुलूप कळत होतं. ज्या ज्या तुकड्यात लेक होता, त्या प्रत्येकाला त्यांनी कुलूप लावलं. कुलूप लावलं की वस्तू सुरक्षित, एवढाच त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. नव्याला जागा लागते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

भाचीने एकेक तुकडा लावला. लेक बुटांची माती झटकतोय. लेक खांद्यावर गॅसची टाकी घेऊन येतोय आणि मागून काकूंचा आवाज, "अरे, कमरेत भरेल!" लेक कॅमेऱ्याला जीभ दाखवतोय. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरा दगडाच्या काळजाचा आहे, असं देवापुढे कितीदा गाऱ्हाणं घातलं होतं त्यांनी! आणि हा माणूस चोरून लेकाला साठवत बसला होता.

"दुपारचं मुळात घेतलंच गेलं नाही, मामा," भाची हळू आवाजात म्हणाली. "ते आता कुठूनच येणार नाही. पण उद्या कोणी आलं तर दिसायला हवं ना? हे सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवते, मग इथलं पुसते. चालेल?"

"सगळं उतरव," काका म्हणाले. मग घसा खाकरून, "ते शेवटचं नको. बॅग घेऊन निघाल्याचं."

काम झालं. भाची म्हणाली, "आता बाहेर जा, फाटकातून आत या आणि बेल वाजवा. बघू घेतो का."

काका गेले. फाटक लोटून आत आले, बेल वाजवली. दार लगेच उघडलं नाही. आत दोघी फोनमध्ये बघत होत्या. आपल्याच दाराबाहेर काका उभे राहिले. हे दार त्यांनी असं बाहेरून, हातात किल्ली नसताना, कधी पाहिलंच नव्हतं. किती बंद दिसत होतं ते! दुपारी इथे जो उभा होता, त्यालाही ते असंच दिसलं असेल.

काकूंनी दार उघडलं. "कोण पाहिजे?"

काकांना थट्टेला थट्टा जमली नाही. "त्याचा नंबर लावून दे," ते म्हणाले.

"बोटं आहेत की तुम्हाला."

बोटं होती. त्यांनीच लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि मग, "बाबा?"

"दुपारी... दुपारी तू आला होतास का घरी?"

"मी? नाही हो. मी तर कामावर होतो. का, काय झालं?"

काकूंनी दाराची चौकट धरली. एवढी उलथापालथ झाली, आणि तो आलाच नव्हता! कोणीतरी पत्ता चुकलेला असेल. काकांनी डोळे मिटले. आता फोन ठेवतात की काय, म्हणून भाची पुढे झाली.

"मग का नाही आलास?" काका म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"येऊ?"

"विचारतोस काय गाढवा," असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण त्यांनी फोन काकूंच्या हातात कोंबला आणि मान हलवत राहिले, हो, हो, जणू पोराला ते तिथून दिसत होतं.