एक म्हणजे ये

जयरामने मान कलती केली आणि मालतीने कोमट खोबरेलाचे दोन थेंब त्याच्या डाव्या कानात सोडले. वर कापसाचा बोळा. उजव्या कानाची वेळ आली तेव्हा त्याला दारात उभी असलेली योगिता दिसली. ती आत्ताच बेंगळूरहून आली होती, पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती. तिने आईला काहीतरी विचारलं. मालतीने हसत उत्तर दिलं. लेकीचा चेहरा मात्र उतरला.

मालतीने काय सांगितलं असणार, ते जयरामला न ऐकताच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी योगिता प्रयोगशाळेत लागली. पोटातल्या बाळाचा आतला कान कसा घडतो, ते माकडाच्या कानाचे बारीक काप बघून आपण शोधतो आहोत, असं तिने पत्रात कळवलं होतं. एवढ्या लांब पत्रातून जयरामने ‘कान’ हा एकच शब्द उचलला. लेक आपल्या कानाच्या मागे लागली आहे, आता कळ काढायची तेवढी. त्या दिवसापासून त्याने कानाचं मशीन डब्यात घालून ठेवलं आणि तेल सुरू केलं. पेरणी व्हायची असेल तर जमीन पडीक ठेवून कसं चालेल? डॉक्टरने तेल घालू नका म्हणून बजावलं होतं खरं, पण डॉक्टरची लेक काही कानावर शिकत नव्हती.

गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर बावीस वर्षं त्याने माती उपसणारा पोकलेन चालवला. तिथे तोंडाने बोलायची सोयच नव्हती. पोकलेनवाला भोंगा वाजवी आणि डंपरवाला तसं वागे. एक म्हणजे ये, मागे घे, बकेटखाली लाव; डंपरवाल्याने उलट एक दिला की येतो. दोन म्हणजे भरलं, जा. अर्धा जन्म या दोन शब्दांत गेला आणि त्याच गडगडाटात कानही गेले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. सगळ्यांत शेवटी योगिताचा आवाज गेला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

आता ती एकोणतीस वर्षांची होती. तिचा मोठेपणीचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. मालतीला विचारलं तर ती खुणेने सांगे, माझ्यासारखाच आहे. पण मालतीचा तरी त्याला आता कुठे आठवत होता! त्याची हाव तेवढीच होती. पाखरं नकोत, भजन नको, लेक ‘बाबा’ म्हणते ते एकदा कानावर पडावं.

दुपारी पेज जेवून झाल्यावर योगिता जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन त्याच्यासमोर बसली. त्यांची रीत ठरलेली होती. तो बोले, ती लिही, आणि चौथीपर्यंत शिकलेला जयराम प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाची.

"माजे कान कदी बरे होतले?"

तिने पेन्सिल टेकवली आणि उचलली. मग उत्तराऐवजी एकमेकांना चिकटलेल्या गोळ्यांची एक रांग काढली. या कानातल्या पेशी, तिने लिहिलं. सुरुवातीला सगळ्या सारख्याच असतात, कोणीही ऐकणारी होऊ शकते. मग एक जण पुढे होते आणि शेजारणींना बजावते, ऐकणारी मी झाले, तुम्ही माझ्यासारख्या होऊ नका. हा निरोप आवाजाने जात नाही. अंगाला अंग टेकलेलं असेल तरच पोचतो. शेजारणी तो मानतात आणि जन्मभर तिला आधार देत उभ्या राहतात.

जयरामने मान हलवली. खाणीच्या आवाजाने मेल्या त्या ऐकणाऱ्या, एवढं त्याला डॉक्टरने सांगितलं होतं. आता शेजारणींनी उठायला काय हरकत आहे, असं त्याने विचारलं. योगिताने लिहिलं, कोंबडीत त्या उठतात, मेलेलीची जागा घेतात. माकडात आणि माणसात उठत नाहीत.

"सांगणारी मेली तरी?"

तरी, तिने लिहिलं. का, ते अजून कोणाला नीट उमगलेलं नाही. मी त्यातलाच एक कोपरा शोधते आहे. शेवटची ओळ लहान होती. ‘तुमच्या वेळेत ते होणार नाही, बाबा.’

सवयीने त्याने तीही मोठ्याने वाचली. ‘बाबा’ हा शब्द त्याने स्वतःच्याच तोंडाने म्हटला आणि तोही त्याला ऐकू आला नाही.

त्याला फार वाईट वाटलं. कागद खाली ठेवता ठेवता त्याचं लक्ष परत त्या रांगेकडे गेलं. योगिता नऊ वर्षांची असताना एकदा आईबरोबर डबा घेऊन खाणीवर आली होती. पोकलेनच्या दांडीला लोंबकळून म्हणाली, मीपण हेच चालवणार. त्याने वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं होतं.

"माज्यासारखी होव नको."

ती तेव्हा रडली होती. मग जी अभ्यासाला लागली ती बेंगळूरला जाऊन थांबली. दुसऱ्या दिवशी मालती तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा जयरामने राहू दे अशी खूण केली.

तिसऱ्या दिवशी योगिता निघाली. जयराम आणि मालती तिला बसपर्यंत सोडायला आले. पाळीहून बसने पणजी, तिथून वास्को, पुढे रेल्वे. बसचा ड्रायव्हर बाबाजी, पूर्वीचा डंपरवाला. नऊ वर्षं त्याने जयरामच्या बकेटखाली गाडी लावली होती आणि खाण बंद पडल्यावर बस धरली होती. योगिता खिडकीशी बसली की जयराम पत्र्यावर दोन थापा मारी, आणि बाबाजी कंडक्टरच्या शिट्टीची वाट न बघता गाडी सोडी. दर खेपेचा हा त्यांचा गमतीचा रिवाज होता.

या खेपेला गाडी आधीच हलली. जयराम दोन पावलं तिच्याबरोबर चालला, त्याचा हात एकदा पत्र्यावर पडला आणि तिथेच राहिला.

बाबाजीने विचारही केला नाही. त्याने ब्रेक दाबला, गियर टाकला आणि बस दोन हात मागे आणली. आत माणसं एकमेकांवर आदळली, एका बाईच्या पाटीतली काजूची बोंडं रस्त्यावर गडगडली. कंडक्टर दारातून हात नाचवू लागला. बाबाजी मात्र आरशातून जयरामकडे बघत होता, बकेटखाली बघायचा तसा, पुढच्या खुणेची वाट बघत.

जयराम ओशाळला. आपण एकच थाप का मारली, ते त्याला कोणाला सांगता आलं नसतं. योगिता खिडकीतून बघत होती, त्याच्या तोंडाकडे नाही, पत्र्यावरच्या हाताकडे. मग ती खाली वाकली आणि खिडकीत दिसेनाशी झाली.

आणि त्याच्या तळव्यात काहीतरी वाजलं. आतून, पत्र्यातून, एकदा.

तो दुसऱ्या थापेची वाट बघत थांबला. दुसरी आली नाही. तेव्हा त्याने हात उचलला आणि दोन खणखणीत थापा मारल्या. बस वळणाआड गेली.

मालती बोंडं वेचून उठली. हे काय केलंत, असं तिने हातवाऱ्यांनी विचारलं. जयराम आपला तळवा बघत होता.

"योगिता 'येतंय' म्हणाली," तो म्हणाला. "माका आयकू इला."