आधी नळ

म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं. कामाला लागलेल्या नव्या गड्याला पहिल्या तासातच ते कळायचं. घराखालच्या लांबट खोलीत तिचा कारखाना होता. तिथे पितळेच्या कड्या-बिजागऱ्यांवर मुलामा चढायचा. एका अंगाला कॉस्टिक सोड्याची टाकी, दुसऱ्या अंगाला आम्लाची आणि मधल्या भिंतीला नळ. तेलकट माल आधी कॉस्टिकमध्ये, मग पाण्यात, मग आम्लात. नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिनं हा गाडा ओढला, आणि एक नियम दगडावरच्या रेघेसारखा पाळला. अंगावर काहीही उडो, आधी नळ. तिला स्वतःला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं, म्हणून ती भाजलेल्याला नळाखाली उभं करून दहा वेळा शंभर मोजायला लावायची. कातडं वाचलं तर रडायला जन्म पडलाय, म्हणायची.

मग नात नववीत गेली आणि घरात नवं शहाणपण आलं. शाळेतून आणलेले लिटमसचे कपटे तिनं दोन्ही टाक्यांत बुडवून दाखवले. निळा लाल झाला, लाल निळा झाला. खडूनं भिंतीवर लिहिलं, आम्ल अधिक आम्लारी, बरोबर क्षार अधिक पाणी. घरातल्या दोन जहरांची गाठ पडली की नुसतं खारट पाणी उरतं, हे ऐकून म्हातारी हरखली. दुसरीतूनच शाळा सुटलेल्या बाईला बावीस वर्षांत ह्यातलं का आणि कसं कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून नातीचं नाव मास्तरीण पडलं. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हातारी भिंत दाखवायची आणि गड्यांना म्हणायची, तुम्ही भिजा नळाखाली, अक्कल आमच्या घरात आहे. आजी आणि नात अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झाल्यात, असं सून भांडी घासताना पुटपुटायची. म्हातारीला ऐकू जायचं. सुनेला हेवा वाटतो, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी म्हातारीचा मुलगा टाकीत आम्ल ओतत असताना कॅनची मूठ तुटली. डाव्या गालावर आणि डोळ्यावर शिपका बसला. तो डोळे मिटून ओरडत, चाचपडत नळाकडे निघाला; स्वतःच्या ओरडण्यापुढे त्याला काही ऐकू येत नव्हतं. सून धावली, तिनं नळ सोडलाही. पोरगी नुकतीच शाळेतून आली होती, दप्तर पाठीवरच होतं.

"पाण्यानं नुसतं पातळ होईल, आजी," ती म्हणाली. "कॉस्टिकनं संपेल."

म्हातारीला नळ दिसत होता. तिनं सुनेचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"तिला करू दे. ती शिकलीय."

पोरीनं कॉस्टिकच्या टाकीतून डबा भरला आणि बापाच्या तोंडावर ओतला.

भाजल्याचं ओरडणं म्हातारीनं पुष्कळ ऐकलं होतं. हे तसलं नव्हतं. शेवटी सुनेनंच दोघींना ढकलून त्याला नळाखाली नेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणी ओतलं? लगेच पाणी मिळतं तर डोळा कदाचित वाचला असता, म्हणाल्या. आम्ल आणि कॉस्टिक भेटले की आग पेटल्यासारखी उष्णता निघते, आणि वर उरलेलं कॉस्टिक डोळ्यात खोल उतरत जातं. पोरगी भिंतीला पाल चिकटावी तशी उभी होती.

"मी," म्हातारी म्हणाली. "डबा ओळखला नाही."

सुनेनं सासूकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

पट्टीखालून मुलानं एवढंच विचारलं, "आई, जगाला नळाखाली उभं केलंस. माझ्याच वेळी कशी विसरलीस?"

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा, पुढेपुढे तेही सुनेमार्फत. म्हातारीनं ते गिळलं. पोरीचं नाव निघालं नाही, शाळा सुटली नाही, ह्यावर ती दिवस काढत होती.

वार्षिक परीक्षेचा पेपर पोरीनं तिच्यासमोर ठेवला. भिंतीवरचं तेच समीकरण होतं, पूर्ण गुण होते. त्याखाली, कुणी न विचारता, बारीक अक्षरात एक ओळ होती. म्हातारीनं बोट ठेवून ती अक्षर अक्षर लावली. ह्या क्रियेत उष्णता बाहेर पडते.

"पुढच्या पानावर होतं. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं."

"हे बापाला बोलू नकोस."

"सांगितलं. सकाळीच. मी ओतलं म्हणून."

म्हातारीच्या पाचावर धारण बसली. तो काय म्हणाला, तिनं विचारलं.

"म्हणाले, तुला कुणी थांबवलं नाही?"

"मग?"

"मी काहीच बोलले नाही," पोरगी म्हणाली, आणि पेपराची घडी करून निघून गेली.

म्हातारी जिना उतरली. मुलगा स्टुलावर बसून कड्या निवडत होता. दवाखान्यात खोटं बोलताना ‘मी’ किती सहज निघालं होतं. सुनेला नळापासून मागे ओढलं ते मी, असं तेच ‘मी’ आता खरं म्हणून सांगायचं होतं.

डाव्या बाजूनं कोणी आलं तर त्याला दिसत नसे. ती डाव्याच बाजूला उभी राहिली.