स्मदरचा तिसरा अर्थ

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि मला आगीची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, कागदच तू, वाटायचीच. पण माझी भीती एका पाटीपासून सुरू झाली.

एका मास्तरांनी वीस वर्षं शब्द गोळा केले, तेव्हा माझी अकराशे पानं भरली. छापून, शिवून, पुठ्ठा चढवून मला एका कारखान्याच्या कचेरीत आणलं. तिथे यंत्रं परदेशातून यायची आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी पुस्तिका. माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. मग वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून मला तिच्या फटीत अडकवून ठेवलं. अकराशे पानांचं ज्ञान आणि काम अडसराचं!

तिथून मला समोरची शेड दिसे. लोखंडी सुटे भाग भट्टीत लालभडक करायचे आणि साखळीने तेलाच्या हौदात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. हौदावर एक वयस्कर कारागीर उभे असत. त्यांची मुलगी आमच्याच कचेरीत पुस्तिकांचं मराठी करायची. तिला सगळे ताई म्हणत. फोन एका शब्दाला एकच शब्द देतो म्हणून तिचं समाधान होत नसे. मला फटीतून काढून, धूळ झटकून ती शेवटच्या अर्थापर्यंत वाचायची.

नवा हौद आला, तेव्हा त्याच्या पुस्तिकेत आगीबद्दल एक क्रियापद होतं, ‘स्मदर’. दाबण्या-आवरण्याचे शब्द माझ्यात पुष्कळ आहेत. लांबून सगळे एका घरचे वाटतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं. ‘रिस्ट्रेन’ म्हणजे धावत्या माणसाला किंवा स्वतःच्या रागाला धरून ठेवणं. धरलेलं सुटत नाही, पण जिवंत असतं. ‘सप्रेस’ म्हणजे वरून जोर लावून दाबणं, बंड असो की बातमी. ‘स्टायफल’मध्ये जांभई, हुंदका किंवा ओठांवर आलेलं वाक्य आतल्या आत कोंडतं. स्मदरचे माझ्यात तीन अर्थ आहेत. पहिला, गुदमरवणे. दुसरा, भावना दडपणे. तिसरा, आग झाकून, तिची हवा तोडून विझवणे.

ताईने तिसरा अर्थ उचलला. “हौदाचं झाकण ओढा, हवा तोडून आग विझवा,” असं तिने हौदावरच्या पाटीसाठी लिहिलं. फोरमनसाहेबांनी कागद हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ताई, पाटी बारा इंचांची. तीन शब्दांच्या वर मावत नाही. आपल्या सगळ्या पाट्या तशाच आहेत.”

“पण साहेब, इथे झाकणंच महत्त्वाचं...”

“‘आग विझवा’ लिहा, झालं. एवढं पुराण कशाला? पाटी नाही वाचली, तर लोक काय आग पेटवायला धावणार आहेत?”

कचेरी हसली. ताईने पुढचं वाक्य गिळलं. ते कोणतं क्रियापद होतं, हे तुम्हीच ओळखा. दुसऱ्या दिवशी हौदावर पाटी लागली. तिच्याखाली पाण्याच्या दोन बादल्याही आल्या, आणि माझ्या पानांना कापरं भरलं.

कारण पाणी तेलापेक्षा जड असतं, मित्रांनो. ते पेटत्या तेलात बुडतं, तळाशी क्षणात उकळतं, आणि त्याची वाफ हजारपटीहून अधिक फुगून पेटतं तेल बाहेर फेकते. हे सगळं माझ्या वेगवेगळ्या पानांवर विखुरलेलं होतं. पण मला तोंड नव्हतं.

ताईलाही चैन नव्हतं. जेवणाच्या सुटीत ती वडिलांना म्हणाली, “बाबा, झाकण ओढून बघता ना रोज?”

“अगं, तुझ्या जन्माआधीपासून तेलापाशी उभा आहे मी,” ते हसले. “डोक्याला रोज तेल लावतो, पेटलंय का कधी?”

तिला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, साखळी मध्येच अडकली. लाल लोखंड अर्धं तेलात, अर्धं वर. भक्कन ज्वाळा उठली. बाबा दोन्ही हातांनी साखळी ओढत होते. शेजारच्या यंत्रावरून एक धिप्पाड कामगार धावला, त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याने पाटी पाहिली आणि बादली उचलली.

ताईने खिडकी सताड उघडली. मी तिच्या हातात होतो, छातीशी आवळलेला. मग जो आवाज फुटला, तो त्या कचेरीने कधी ऐकला नव्हता.

“पैलवान, पाणी नको! झाकण! बाबा, झाकण ओढा!”

पैलवानाने बादली मागे खेचली, पण ओंजळभर पाणी सांडलंच. तेल फुत्कारलं. साखळी सुटून लोखंड तेलात बुडालं, आणि बाबांनी डाव्या हाताने झाकण ओढलं. ज्वाळेने कडेकडेने जिभा बाहेर काढल्या, मग त्याही आत गेल्या. शेडमध्ये फक्त धूर उरला आणि बाबांचं कण्हणं. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता.

फोरमनसाहेबांनी स्वतः पाटी उतरवली. “तीन फुटी पत्रा कापा,” ते म्हणाले, “ताईंचं वाक्य पुरतं बसलं पाहिजे.” ताईची नजर चुकवत ते एवढंच पुटपुटले, “तेव्हाच माझ्याशी भांडायचं होतं, पोरी.”

“भांडायला हवं होतं,” ताई म्हणाली.

महिन्याने बाबा कामावर आले. हाताला पट्टी होती. ते कचेरीत शिरले आणि लेकीला म्हणाले, “दाखव बरं तो शब्द. कुणामुळे वाचलो, त्याचं तोंड तरी बघू.” तिने पान उघडलं. उजव्या हाताचं बोट ओळीखाली सरकवत, एकेक अक्षर लावत, त्यांनी पहिला अर्थ वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याशी थांबले. बोट उचललं, तेव्हा तिथे तेलाचा काळा ठसा होता.

“अरेरे, पान खराब केलं तुझं.”

“असू दे, बाबा.”

मित्रांनो, पुस्तकं स्वच्छ ठेवा असं तुम्हाला शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण माझी विनंती वेगळी आहे. मला फटीत अडकवू नका, उघडा. पहिल्या अर्थावर थांबू नका. पुढचा अर्थ कळला आणि समोरचे हसले, तरी तो गिळू नका, मोठ्याने सांगा. आणि कधी माझं ते पान तुमच्या हाती आलं, तर तेवढा एक डाग खोडरबराने पुसू नका.